पलीकडच्या वाडीचा साकव

ग्रामपंचायतीच्या तक्रारपेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावलेली होती. अर्जाची घडी हातात घेऊन मी पेटीपुढे उभी राहिले तेव्हा विठू शिपाई आतून बोलला, "त्येच्यात नका टाकू. आत गांधीलमाश्यांनी पोळं केलंय."

"मग अर्ज कुठे द्यायचा?"

"भाऊसायबांकडं."

"ते कुठे आहेत?"

"ट्रेनिंगला."

माझ्या मुलीने, राहीने विचारलं, माश्यांची काय तक्रार आहे. विठू हसला. मला हसू आलं नाही. मे महिन्यातली ही माझी चौथी फेरी. भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे, दोन गावं, त्यातले मंगळवार आणि शुक्रवार आमच्या वाट्याचे. पहिल्या मंगळवारी तालुक्याला मीटिंग होती. शुक्रवारी ते आंब्याच्या नुकसानीच्या पंचनाम्याला गेले होते. पुढच्या मंगळवारी आले होते, पण जेवायला म्हणून गेले ते तिकडूनच गेले. ग्रामसेवक हे नाव बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, दारावर तशी नवी पाटी लागलीय. पाटी मात्र रोज हजर असते.

आमची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. पंचायतीच्या दप्तरातही नाव 'पलीकडची वाडी' असंच आहे. ज्याने लिहिलं तो अलीकडे बसून लिहीत असणार. घरं सतरा. शाळा, दुकान, एसटीचा थांबा, दवाखाना, सगळं पऱ्याच्या त्या अंगाला. तीन पावसाळ्यांपूर्वी सिमेंटचा साकव, पायी जायचा छोटा पूल, वाहून गेला. वरची लादी गेली, दोन खांब राहिले, त्यांच्यावर आता बगळे बसतात. उन्हाळ्यात पऱ्यात उतरून दगडांवरून जाता येतं. पावसाळ्यात वाडी आपली आपण लाकडी साकव बांधते. गेल्या श्रावणात माझ्या सासूबाई गवताचा भारा घेऊन त्याच्यावरून घसरल्या. मनगट मोडलं आणि जुळताना वाकडं जुळलं. आता त्या भाकरी थापतात तेव्हा ती एका बाजूला जाड होते. जाड बाजू बाबा, म्हणजे माझे सासरे, मुकाट्याने आपल्या ताटात घेतात.

यंदा राही पहिलीला जाणार होती. मला एवढंच कळत होतं की सासूबाईंचा पाय ज्या लाकडावरून घसरला, तसल्याच लाकडावरून ती सहा वर्षांची पोर दप्तर पाठीला लावून रोज दोनदा जाणार.

भाऊसाहेब सापडले ते त्याच्या पुढच्या शुक्रवारी. ते वाईट माणूस नव्हेत, आणि हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. हे पित्ताची गोळी चघळत, दोन मोबाईल पुढ्यात उलटे ठेवून, "बसा ताई, मुलीला पंख्याखाली बसवा," म्हणाले. पंखा बंद होता, पण म्हणाले.

मी मोबाईल दाखवला. गेल्या वर्षी मी ऑनलाइन तक्रार केली होती. वाडीत रेंज नाही. वरच्या कातळावर काजूच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात. तिथे उभी राहून केली होती. महिन्याने संदेश आला होता, तक्रार निकाली. मला निकाली कशी ते बघायचं होतं. भाऊसाहेबांनी कपाटातून फाइल काढली, फुंकर मारली आणि माझ्यापुढे सरकवली.

तीन वर्षांचे तीन अर्ज होते. दोन वाडीतल्या वडीलधाऱ्या गंगारामकाकांच्या सहीचे, एक माझा. तिन्हींवर एकच शेरा: 'सदर ठिकाणी पादचारी साकव उपलब्ध असून ग्रामस्थांची ये-जा सुरळीत चालू आहे. तक्रार निकाली.' प्रत्येकाच्या मागे टाचलेला एक फोटो. माझ्या अर्जामागचा फोटो मी ओळखला. गेल्या मिरगाचा, मृग लागतानाचा. साकवाला झेंडूची माळ, सगळी वाडी त्याच्यावर ओळीने उभी, पुढे बाबा, कमरेला कोयता, आणि मागे मी, राही माझ्या कडेवर. सगळे हसताहेत. मीसुद्धा.

"हा फोटो तुम्हाला कोणी दिला?"

"ग्रुपवर आला होता की." ते आठवून खूश झाले. "'वाडीची एकजूट' म्हणून. छान आलाय."

तो निलेशने टाकला होता. निलेश माझा नवरा, मुंबईला लिफ्टच्या कामावर आहे. बाबांनी त्याला पाठवला, त्याने वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो गावच्या ग्रुपवर आला. आणि तिथून फाइलीत.

मी सांगितलं, हा साकव पंचायतीचा नाही, आम्ही बांधलेला आहे. पोफळीचे लांब सोट आहेत, वर चिव्याच्या, बारीक बांबूच्या काठ्या. सासूबाई याच्यावरूनच पडल्या.

"म्हणजे जात होत्या ना याच्यावरून?"

भाऊसाहेबांनी गोळी गालाच्या दुसऱ्या बाजूला घेतली. मग त्यांनी त्यांचीही बाजू सांगितली. साकव नाही असं लिहिलं तर वरून विचारतात, लोक जातात कसे. जातात असं लिहिलं तर विचारतात, मग मागता कशाला. तीन वर्षं ते दोन्हींच्या मध्ये अडकलेत. नंतर त्यांनी दाराकडे बघितलं, विठू बाहेर होता, आणि आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू का ताई? यंदा बांधूच नका."

शाळा सोळा जूनला. तोवर पऱ्याला पाणी आलेलं असेल. साकव नाही आणि मुलं अलीकडे येऊ शकत नाहीत, हे अभियंत्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की 'संपर्क तुटला' असा शेरा पडतो. तो पडला की काम यादीत वर सरकतं. सतरा तारखेला ते स्वतः अभियंत्याला घेऊन येतील.

मी म्हटलं, हे लिहून द्या.

"हे लिहून कसं देणार, ताई?"

बैठक गंगारामकाकांच्या पडवीत बसली. साकव बांधायचा तो मिरगाच्या आधीच्या रविवारी. घरटी एक पोफळ आणि चार चिवे. पहिला सोट गंगारामकाकांच्या बागेतला, पहिली गाठ त्यांच्या हातची, आणि नारळ घेऊन साकवावर पहिलं पाऊलही त्यांचंच. तो त्यांच्या घराचा मान. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा होता. सिमेंटचा साकव होता तेव्हाही ते मिरगाच्या आधी नारळ घेऊन त्याच्यावरून एकदा जाऊन यायचे.

बायका आतल्या दारात बसल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसून बोलले. भाऊसाहेबांनी जे सांगितलं ते आणि फायलीत जे बघितलं ते. दर वर्षी आपणच साकव बांधतो, आपणच फोटो काढतो आणि आपल्याच फोटोने आपली तक्रार मिटते, हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कोणाला पटलं नाही.

"म्हंजे डाक्तराला दावायला पाय मोडून घ्यायचा," शेजारचा बाबल्या म्हणाला. लोक हसले. बाबल्याच्या दोन गाई, दूध रोज पलीकडे डेअरीला जातं. त्याचं चुकत नव्हतं.

गंगारामकाकांनी उठून पान थुंकलं. मग म्हणाले, "आमी साकवाला नारळ नाय दिला असा मिरग मी बगितलेला नाय."

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात कोपऱ्यातून बाबा बोलले. ते बैठकीत सहसा बोलत नाहीत. "सून शिकलेली हाय. सतरा तारीख म्हणते. सतरापातूर बगूया." बोलताना ते सासूबाईंच्या हाताकडे बघत होते. सासूबाईंनी हात पदराखाली घेतला.

ठरलं. पोफळी तोडून, चिवे छाटून पऱ्याच्या काठावर पेंढ्याखाली झाकून ठेवायचे. सतरा तारखेपर्यंत हात लावायचा नाही.

मिरग कोरडा गेला नाही. दहा तारखेलाच पऱ्या दगडांवरून वाहायला लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून वाडीची वाट वरच्या कातळावरून झाली. कातळावरून वळसा घालून शाळेत पोचायला मोठ्या माणसाला सव्वा तास, राहीबरोबर पावणेदोन. बाबल्या दुधाचे कॅन कावडीला लावून पहाटेच निघायचा. एक दिवस दूध नासलं. त्याने परत येताना ते आमच्या दगडी गडग्यापाशी ओतलं. दुसरीकडेही ओतता आलं असतं.

सोळा तारखेला राहीचे नवे बूट पिशवीत घालून, तिला छत्रीखाली धरून मी कातळावरून नेलं. पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती, पहिलीच्या मुलांना दिलेले फुगेसुद्धा फुटून झाले होते. बाई म्हणाल्या, पलीकडच्या वाडीची का, उद्यापासून वेळेवर. परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे दिवस त्यातच जाणार, म्हणून मी शाळेच्या पडवीत बसून राहिले. संध्याकाळपर्यंत. पायांना चिखल सुकून तडे गेले होते. अलीकडच्या बायका पोरांना डबे द्यायला यायच्या, माझ्या पायांकडे बघायच्या आणि विचारायच्या, साकव नाय बांधलात यंदा? मी म्हणायची, बांधायचाय.

सतराला कोणी आलं नाही. मी काजूखाली उभी राहून फोन लावला. साहेबांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, होती. अठराला गाडी मिळाली नाही. एकोणीसला सकाळी भाऊसाहेब म्हणाले, "उद्या नक्की, ताई. उद्या नक्की." मागे त्यांच्या घरातला मिक्सर चालू होता.

खाली उतरले तर बाबा आणि बाबल्या दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्याला गडगा घालत होते. बाबल्या मान वर न करता म्हणाला, "वयनी, तुमचा विंजीनेर पोहत येतोय काय?"

बाबांनी पुढचा दगड उचलून लावला. घरात सासूबाई डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्याचा नको मनाला लावून घेव गो." मनाला लागलंच होतं. त्याच्या बोलण्याचं नव्हे. एवढ्या सगळ्या लोकांना मी थांबवून धरलंय, आणि ते माझ्या एका शब्दावर थांबलेत, याचं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. राहीच्या आधारकार्डावरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळत नव्हती. पाच मिनिटं गेली असतील. बाहेर आले तर राही नाही. बाबल्याची मुलगी संस्कृती तिसरीत आहे, तीही नाही. चपला तशाच टाकून मी पायऱ्यांची पाखाडी उतरत धावले.

दोघी पऱ्याच्या मध्यावर होत्या. जुन्या साकवाच्या पडलेल्या लादीचा एक तुकडा तिथे वर आलेला आहे, त्याच्यावर. दोन्ही बाजूंनी लाल पाणी. राहीने बूट हातात धरले होते, नवे म्हणून. मला बघून ती हसली.

मी पाण्यात उतरले. माझ्या मांडीपर्यंत होतं, आणि पायांखालचे दगड हलत होते. तिच्या ते गळ्यापर्यंत आलं असतं. एकीला कडेवर घेतलं, दुसरीचा दंड धरला आणि वाडीच्या बाजूला काढलं. कसं ते आठवत नाही. दगडाने नडगी सोललेली नंतर दिसली. काठावर आल्यावर मी राहीला मारलं. पहिल्यांदाच. ओल्या हाताचा आवाज फार मोठा होतो. ती रडली नाही, बूट छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली.

तशीच ओली मी गंगारामकाकांच्या पडवीत गेले. "काका, साकव बांधा."

ते उठले आणि छपराच्या आड्याला खोचलेला कोयता काढून त्याची धार अंगठ्याने बघितली. "उद्या," म्हणाले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

'उद्या नक्की' हे शब्द माझ्या कानात होते. पण ते मी तीन दिवस ऐकत होते.

शुक्रवारी सकाळी सासूबाई पोरींना घेऊन कातळावरून शाळेत गेल्या. येताना साकवावरूनच घेऊन या, म्हटलं. वाडी पऱ्यावर उतरली. आमच्या घरची पोफळ बाबांनी आणि मी उचलली. ओला सोट खांद्यावर सरकतो आणि सालीची कूस गळ्यात शिरते. गंगारामकाका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गाठी मारत होते. पूर्वी वेली असायच्या, आता मुंबई मंडळाने पाठवलेला नायलॉनचा दोर. ते म्हणाले, दोराला पाण्याची सवय नाय, ढिला पडतो, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढली. बाबा पलीकडच्या, शाळेच्या अंगाच्या काठावर टोक बांधत होते. बायकांनी चिवे पुढे द्यायचे.

मी एकच अट घातली होती. फोटो काढायचा नाही. कोणी हसलं नाही. बाबल्याने मोबाईल पिशवीत घातला आणि पिशवी फणसाला टांगली. बाकीच्यांनीही त्याच फांदीला टांगल्या. माझा मोबाईल घरी होता. त्या दिवशी मी काजूपाशी गेलेच नव्हते.

दुपार कलली. एका अंगाचा धरायचा चिवा बांधून झाला, दुसऱ्या अंगाचा राहिला होता. गंगारामकाका बाहेर येऊन धोतर पिळत होते, नारळ काठावर ठेवला होता. तेव्हा पलीकडून आवाज आला, "ताई!"

भाऊसाहेब छत्री घेऊन उभे होते. शेजारी रेनकोट घातलेला, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेला एक तरुण माणूस. हातात टॅब.

"सकाळपासून फोन लावतोय तुम्हाला," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. "काल सांगितलं होतं ना, उद्या नक्की."

अभियंत्याने साकवाकडे बघितलं, मग टॅबकडे. "इथे तर साकव आहे."

मी काठावर गेले. पाण्याचा आवाज मोठा होता, ओरडूनच बोलावं लागलं. सांगितलं की हा आत्ता बांधलाय. सालपटं अजून ओली आहेत. दहा दिवस वाडीचा संपर्क तुटलेला होता, काल दोन मुली पाण्यात अडकल्या होत्या. ह्याच्यावरून अजून एकही माणूस गेलेला नाही.

त्याने ऐकून घेतलं. तोही वाईट माणूस नसावा. "वापरात नसेल तर तसं लिहितो," तो म्हणाला. "वापरात नाही ना?"

मी मागे बघितलं. सगळी वाडी गंगारामकाकांकडे बघत होती. पहिलं पाऊल त्यांचं. त्यांनी नारळ उचलला होता. ते साकवापर्यंत आले, पाय न ठेवता थांबले, आणि काठावरच्या दगडावर बसले. नारळ मांडीवर घेतला.

"वापरात नाय," ते म्हणाले.

मग बाबल्या बसला. त्याच्या मागे एकेक करून सगळेच बसले. पलीकडच्या काठावर बाबा होते. त्यांचं घर इकडे, कपडे भिजलेले, समोर स्वतः बांधलेला साकव. तेही तिकडेच खाली बसले. सतरा घरांची माणसं दोन्हीकडे हात गुडघ्यांत घेऊन बसलेली, मध्ये रिकामा साकव. अभियंत्याने एक फोटो काढला. टॅबवर बोट फिरवून काही भरलं. भाऊसाहेबांनी त्याला कानात सांगितलं, त्याने मान हलवली. "संपर्क" हा शब्द त्याच्या ओठांवर मी वाचला. "आणखी एक फोटो लागतो," तो मोठ्याने म्हणाला आणि टॅब वर धरला.

तेवढ्यात पाखाडीवरून सासूबाई उतरताना दिसल्या. त्यांच्या पुढे संस्कृती आणि राही. राहीने मला बघितलं. काल मारल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. ती धावत सुटली.

बाबांनी हात आडवा केला, ती त्याच्याखालून गेली. पुढच्या क्षणी ती साकवावर होती.

मी ओरडायला तोंड उघडलं. आणि दिसलं की डाव्या अंगाला चिवा नाही. ओली पोफळ, पायात नवे बूट, पाठीला दप्तर. हाक मारली तर ती मान वर करणार. मी हाक मारली नाही. दोन्ही हात पुढे केले आणि तसेच ठेवले. बाबा अर्धवट उठून तसेच थांबले होते. गंगारामकाकांचा एक हात आपोआप दोराच्या गाठीवर गेला. मध्यावर साकव खाली दबतो. तिथे ती थांबली, गुडघे वाकवले, तोल सावरला, आणि तिला त्याची गंमत वाटली. मग पुढचे चिवे मी मोजले. एकवीस. बाविसाव्याला ती माझ्या पोटावर येऊन आदळली.

अभियंत्याने टॅब खाली घेतला.

"लहान मूलसुद्धा आरामात जातंय, ताई," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

मी राहीच्या पायातून एकेक बूट काढला आणि तिचे तळवे हातात धरून बसले. ते गरम होते. गंगारामकाका उठले. आता थांबण्यात अर्थ नव्हता. नारळ घेऊन ते साकवावरून पलीकडे गेले आणि परत आले, यंदा राहीनंतरचा दुसरा माणूस म्हणून. नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे झाले. बाबल्या दोन तुकडे घेऊन साकवावरून गेला आणि साहेबांपुढे हात केला. "घ्या सायब, परसाद." अभियंत्याने घेतला. भाऊसाहेबांनीही खाल्ला, पित्त आहे म्हणून थोडाच.

सोमवारी राहीला सोडून आल्यावर मी काजूखाली गेले. दोन काड्या आल्या आणि संदेश आला. पादचारी साकव उपलब्ध, वापर चालू, तक्रार निकाली. खाली फोटो होता. तो उघडायला वेळ लागला, वरून थोडा थोडा उतरत आला. आधी फणसाची फांदी, तिला टांगलेल्या पिशव्या. मग काठावर बसलेली वाडी. मग राही, एक पाय हवेत. आणि तिच्यापुढे मी, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं. बघणाऱ्याला वाटेल, तिला बोलावतेय.